तुम्हाला योग्य वाटेल ते

१२ फेब्रुवारी २०२५

"बोला ना सर," मयुरेश पुन्हा म्हणाला. "तुम्ही आकडा सांगा, मी भरतो."

पडद्यावर माझं नाव होतं. हुद्द्याच्या जागी 'सल्लागार' आणि त्यापुढे रिकामा चौकोन. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली ट्रकमध्ये पॅनेल चढवत होते.

"तुम्हाला योग्य वाटेल ते," मी म्हणालो.

मयुरेश एचआरला आहे. माझ्यापेक्षा बराच लहान, मनाने चांगला. "सर, असं नसतं हो. पिंगळेसरांनी तर दुप्पट सांगितला."

"तुम्ही बघा ना."

त्याने चौकोन रिकामा ठेवला. मग हेड ऑफिस भरेल, म्हणाला.

लिहून ठेवतो. अंबडच्या या कंपनीत एकोणीस वर्षं विजेच्या पॅनेलचे आराखडे काढतो आहे. मार्चअखेर आमच्या विभागातल्या सगळ्या कायम जागा संपतात. एक एप्रिलपासून तेच काम, तीच खुर्ची, पण मी कंपनीचा नोकर नसेन. कंत्राटी. मयुरेशच्या मते यात माझाच फायदा आहे. कर कमी लागेल.

घरी बायकोला, अपूर्वाला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "समोर ताम्हनही ठेवलं होतंस का?"

मला लगेच कळलं नाही.

"बाबा घाटावर म्हणतात तेच म्हणालास तू. इच्छेला येईल ते द्या. अरे, ते कंपनीचं श्राद्ध होतं का?"

मी हसलो. ती हसली नाही.


१५ फेब्रुवारी

बाबांना आज सांगितलं. ते मेथी निवडत होते.

"मग आता तू कोणाचा?"

"कोणाचाच नाही. करारापुरता कंपनीचा."

"पगार?"

"पगार म्हणायचं नाही. फी."

"रजा?"

"नाही."

"आजारी पडलास तर?"

"तर फी नाही. विमाही आपला आपण."

"म्हणजे आमच्यासारखंच," म्हणाले आणि पुढची काडी उचलली.

त्यांना लागलं आहे. बाबांनी आयुष्यभर रामकुंडावर क्रियाकर्मं केली. आमच्या घराण्याकडे बागलाणचे यजमान. सटाणा, नामपूर, ताहाराबाद. तिकडून कोणी अस्थी घेऊन आलं, कोणी श्राद्धाला आलं, की आमचं नाव विचारत यायचं. बाबा कधी कोणाकडे गेले नाहीत, कधी किती द्या म्हणाले नाहीत. कधी भरपूर यायचं, कधी नारळ. मी दहावी झालो तेव्हा तंत्रनिकेतनाचा अर्ज त्यांनीच आणला. घाटावर मी शेवटचा, असं आईला म्हणाले होते. त्यांना माझ्यासाठी एकच हवं होतं, पहिल्या तारखेला येणारा पगार.

जेवले नीट. पण दुःख झालेला माणूसही जेवतोच.

झोपायला जाताना "माझं बसचं कार्ड कुठे ठेवलं आहे?" म्हणून विचारत होते. दोन वर्षांत एकटे कुठे गेलेले नाहीत.


२० फेब्रुवारी

उज्वलाताईंकडे गेलो. कॅनडा कॉर्नरला त्यांचं ऑफिस. माझं कराचं विवरणपत्र त्याच भरतात, बाबांचंही एके काळी भरायच्या. वाटीतला चिवडा खाता खाता बोलत होत्या.

"कंपनी कोणत्या कलमाखाली कर कापते, त्यावरून तुम्ही कोण हे ठरत नाही. लोकांना वाटतं, दहा टक्के कापले की झालो व्यावसायिक."

"मग कशावरून ठरतं?"

"कधी यायचं, कधी जायचं, कोण ठरवणार?"

"कंपनी."

"दुसऱ्याचं काम घेता येईल?"

"बहुतेक नाही."

"संगणक कोणाचा?"

"कंपनीचा."

"मग तुम्ही नोकरच. फक्त कागद बदलला."

मयुरेशने सांगितलेला फायदा मी त्यांना सांगितला. इंजिनिअरने स्वतंत्र व्यवसाय केला तर आलेल्या फीपैकी निम्माच भाग उत्पन्न धरतात, हिशेबाच्या वह्याही ठेवायला नकोत.

"बरोबर सांगितलं त्याने. पण ती सोय खऱ्या व्यावसायिकाला आहे. उद्या खात्याने विचारलं, हा माणूस रोज अंगठा लावून आत जातो, रजा मागून घेतो, हा कसला व्यावसायिक? सगळा पगार आहे म्हणतील. मग भांडत बसा. आणि पीएफ, विमा, ग्रॅच्युइटी हे तर आधीच बंद झालेलं. नोकरीतलं वाईट तेवढं तुमच्याकडे आणि धंद्यातलंही वाईट तेवढं तुमच्याकडे."

"काय करू?"

"करार येईल तेव्हा हजेरी काढायला लावा. दुसरी कामं घ्यायची मोकळीक मागा. आणि तुमचा दर तुम्ही सांगा."

"पहिल्या दोन गोष्टी मागतो."

उज्वलाताईंनी वाटी खाली ठेवली. "तुमच्या घराण्याचं माहीत आहे मला. वडिलांना एकदा विचारलं होतं, वर्षाला साधारण किती येतं? म्हणाले, देवाला ठाऊक. मी म्हटलं, गुरुजी, देवाचा पॅन नंबर नाही माझ्याकडे."

निघताना फी विचारली. त्यांनी आकडा सांगितला. एका दमात, चिवड्यातला शेंगदाणा शोधत. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.


३ मार्च

बाबा पुन्हा घाटावर जायला लागले आहेत. रोज. गेली दोन वर्षं चुलतभावाचा मुलगा आमच्या जागेवर बसतो, हे फक्त अमावास्येला जायचे, तेही मी नेऊन सोडलं तर. आता सकाळी इंदिरानगरहून बस पकडतात आणि दुपारी येतात.

"बाबा, गुडघ्यांचं काय?"

"बसमध्ये बसून जातो. तिथेही बसतोच. उभं कुठे राहायचं आहे?"

"पण गरज काय?"

"यजमान विचारतात."

माझ्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही, हे सरळ आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घराला हातभार लावायला निघाले आहेत. मी हे अपूर्वाला बोललो. ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना. चेहरा बघ ना, किती टवटवीत दिसतात." तिला कळत नाही.


५ मार्च

जेवताना बाबांनी विचारलं, "पॅनेल म्हणजे नक्की काय रे?"

एकोणीस वर्षांत विचारलं नव्हतं. मी सांगितलं. बाहेरून वीज एका पेटीत येते, तिथून वाटली जाते. कुठे जास्त झाली तर तिथेच तोडली जाते, म्हणजे बाकीचं जळत नाही. कुठली तार किती जाड, कुठला खटका कुठे, ते मी ठरवतो.

"हे फक्त मोठ्या कारखान्यांना लागतं?"

"नाही. पिठाच्या गिरणीलाही लागतं."

"कोल्ड स्टोरेजला?"

"हो, तिथे तर हवंच."

"आणि नीट केलं नसेल तर?"

"माल सडतो. नाहीतर आग लागते."

दोनदा मान हलवली. 'जास्त झाली तर तिथेच तोडली जाते' हे वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं, मंत्र पाठ करताना म्हणतात तसं. माझं मन राखायला विचारत असावेत. मला भरून आलं आणि मी ताक मागितलं.


८ मार्च

करार आला. चौकोन भरला आहे. आज हातात येतो तेवढाच पगार, फी म्हणून. पीएफचा कंपनीचा हिस्सा, विमा, बोनस यांतलं काहीही न धरता. अंगठ्याची हजेरी. रजेला मंजुरी. इतरत्र कोणतंही काम करण्यास मनाई. प्रत्येक पानावर मला 'स्वतंत्र सल्लागार' म्हटलं आहे.

चूक त्यांची नाही. योग्य वाटेल ते भरा म्हणालो होतो, त्यांना हे योग्य वाटलं.

अपूर्वाने माझी कार्डं छापून आणली आहेत. नाव, 'विद्युत आराखडे व सल्ला', फोन. दिसायला छान आहेत, पण गठ्ठा पाहिला तर निम्माही भरला नाही. छापणाऱ्याने फसवलं. तिला म्हटलं, जाऊन भांड. म्हणाली, असू दे.


१० मार्च

ताहाराबादहून फोन. रंगनाथ देवरे म्हणून कोणी. डाळिंबाचं कोल्ड स्टोरेज बांधताहेत, विजेचं सगळं मला बघायचं का? रविवारी घरी येतात.

जानेवारीत प्रदर्शनात कंपनीच्या स्टॉलवर उभा होतो. तिथे कोणीतरी नाव लिहून घेतलं असणार. आठ तास उभा राहिलो त्याचं हे फळ.


१६ मार्च

देवरे आले. साठीचे, पांढरी टोपी. जिना चढण्याआधीच चपला काढल्या. बस म्हणेपर्यंत बसले नाहीत.

"तुमनं नाव ऐकेल शे," म्हणाले.

"कुठे ऐकलं?"

"ऐकेल शे ना. लोके सांगतस." मग माझ्यासाठी सावकाश शहरी बोलायला लागले. पहिला आराखडा कोणा ठेकेदाराने फुकट करून दिला होता. देवऱ्यांनी तो माझ्यासमोर पसरला. मी पाहिला. कॉम्प्रेसर सुरू होताना खेचेल त्या विजेचा कुठे विचारच नव्हता. एका उन्हाळ्यात जळेल, मी म्हणालो.

"तिथेच तोडायला काही नाही यात?"

"नाही."

"तेच ऐकलं होतं, की तुम्ही ते बघता." आराखड्याची घडी घातली. "मग तुमचं घेणं काय?"

माझ्या तोंडून निघालंच. "तुम्हाला योग्य वाटेल…"

"तसं नका सांगू," देवरे म्हणाले. "आम्ही डाळिंबाचा भाव रोज बोलतो. कमी वाटलं तर भांडू, जास्त वाटलं तर भांडू. पण तुमच्या तोंडातून निघू द्या आधी."

बुधवारी जागा बघायला येतो, तेव्हा सांगतो म्हणालो.

बाबा घरातच होते. पाहुणा आला की बाबा आधी बाहेर येतात, गावाचं नाव विचारतात, मग त्या गावचे चार लोक काढतात. आज ताहाराबादचा माणूस आला, तर झोप येते म्हणून दार लावून घेतलं. हल्ली थकतात. उगीच जातात घाटावर.

देवऱ्यांनी डाळिंबाच्या दोन पेट्या आणल्या होत्या. एक माझ्यासमोर ठेवली, दुसरी अपूर्वाकडे नेऊन दिली. बाबांची, म्हणाले. घरात वडील आहेत हे त्यांनी ओळखलं. दाराशी काठी असते.

जाताना माझ्या पाया पडले. वयाने माझ्याहून मोठा माणूस. खेड्यात शिकलेल्या माणसाला अजून मान आहे.


१७ मार्च

अपूर्वा देवरे झाली. डोक्यावर टॉवेल गुंडाळून ओट्याशी उभी राहिली.

"बोला साहेब, घेणं काय?"

"त्याचं असं आहे…"

"कसं आहे?"

"कामावर अवलंबून आहे."

"मग काम सांगितलं ना. आता भाव सांगा. आमचं पातेलं करपतंय."

मी सांगितला. ती म्हणाली, ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितला. म्हणाली, हा आकडा आहे की माफी मागतोयस? मग म्हणाली, एवढ्यात तर आमच्या शाळेतले शिपाईकाका घराचा फ्यूज बदलायलाही येणार नाहीत.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. मला लाज वाटली.

"मला जमत नाही," मी म्हणालो. "तुम्ही कधी सांगितला का भाव, बाबा?"

"नाही."

"मग?"

"आम्ही देतो ते मोजता येत नाही, म्हणून सांगत नाही. तुझ्या पॅनेलने कोणाचे पितर स्वर्गाला जातात का?"

"नाही."

"तारा मोजून घेतोस ना?"

"हो."

"मग भाव सांग की. त्यात धर्म कुठे आडवा आला?"

अपूर्वा टॉवेलात तोंड घालून हसत होती. बाबा पाणी पिऊन आत गेले. आतून म्हणाले, "आणि ती म्हणते त्याहून थोडा जास्त सांग. ते लोक घासाघीस करतात."


१९ मार्च

रंगपंचमी. बाबा म्हणाले, गावात तिवंध्याची रहाड, रंगाच्या पाण्याचा तो जुना हौद, उघडली आहे, तू लहानपणी उडी मारायचास. मी मात्र कंपनीतून एक दिवसाची रजा काढून ताहाराबादला गेलो.

जागा चांगली आहे. जुन्या शेडमध्ये जनरेटर चालू होता, शेजारी देवरे, आजूबाजूला काम करणारी माणसं. देवऱ्यांनी हातानेच विचारलं, हं, बोला?

मी आकडा सांगितला.

त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा सांगितला. जनरेटर मोठा होता. शेवटी मी ओरडलो. त्याच क्षणी कोणीतरी जनरेटर बंद केला आणि माझी फी सगळ्या शिवाराने ऐकली. एक बाई डोक्यावरची पाटी तशीच धरून माझ्याकडे बघायला लागली.

"बरं," देवरे म्हणाले. थोडं कमी करा म्हणाले, मी थोडं केलं. संपलं.

एवढंच होतं ते. परतताना गाडीत मी तो आकडा दोनदा मोठ्याने म्हणून पाहिला. इथे लिहीत नाही. लिहिला तर कमी वाटेल.

जेवण त्यांच्याकडेच झालं. देवऱ्यांच्या आई, मालनबाई, ताटासमोर बसून वाढत होत्या. "बाबांचे गुडघे कसे शेत?" म्हणून विचारलं. त्या वयाच्या माणसांना सगळ्यांच्याच बाबांचे गुडघे दुखत असतील असं वाटत असावं. बरे आहेत, म्हणालो.


२४ मार्च

मयुरेशला भेटलो. हजेरी नको. बाहेरची कामं घेण्याची मोकळीक हवी. माझा संगणक मी आणीन. आणि दर हा. सांगितला. आवाज थोडा बसला होता, पण ऐकू गेला.

मयुरेश खुर्चीत मागे टेकला. "सर, हे आधी का नाही बोललात? फेब्रुवारीत रिकामा चौकोन होता. आता तो मंजूर झालाय."

"चुकलं माझं."

"मी पाठवतो. मनापासून पाठवतो. पण हेड ऑफिसला कोण काय आहे ते माहीत नसतं सर, त्यांना फक्त रांगा दिसतात."

चहा मागवला त्याने. त्याच्याही जागेचं जूनमध्ये असंच होणार आहे, असं ऐकून आहे म्हणाला. उज्वलाताईंचा नंबर घेतला.


२७ मार्च

उत्तर आलं. पहिला करार, आहे तसा. पाडवा आणि ईद लागून आल्यामुळे एकतीसऐवजी शनिवारी संध्याकाळपर्यंत सही करून मेल करावा, अन्यथा संबंध संपला असं समजण्यात येईल.

पिंगळे सही करणार आहेत. त्यांचाही दुप्पट कापला गेला.

माझ्याकडे देवऱ्यांचं एक काम आहे. ते मेमध्ये संपेल. पुढे काय, माहीत नाही. सही केली तर देवऱ्यांचंही सोडावं लागेल. उज्वलाताईंना फोन केला. म्हणाल्या, "कायद्याचं मी सांगितलं. पोटाचं तुम्ही ठरवा. पण सही केलीत तर स्वतःला व्यावसायिक म्हणवून विवरणपत्र भरायला माझ्याकडे येऊ नका. नोकर म्हणूनच भरीन."


२९ मार्च

दुपारी सगळ्यांनी सामोसे खाल्ले. ओळखपत्र परत केलं. मयुरेश गेटपर्यंत आला. "संध्याकाळी वाट बघतो सर, मेलची," म्हणाला. मग म्हणाला, "नाही आला तरी मला वाईट वाटणार नाही." त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघालो.

आज अमावास्या. घाटावर गर्दी असणार आणि बसमध्येही. बाबांना घ्यायला स्कूटरवरून पंचवटीत गेलो.

ते आमच्या जागेवर बसले होते. समोर दोन माणसं, डोकी नुकती भादरलेली, विधी आटोपलेला. मी लांबच थांबलो. बाबा त्यांच्याशी बोलत होते. हाताने हवेत मोठा चौकोन काढला, मग त्या चौकोनातून खाली चार-पाच रेघा ओढल्या आणि एका रेघेवर तळहात आडवा मारला. ती माणसं मान हलवत होती. त्र्यंबकेश्वरला जायचा रस्ता सांगत असावेत, कुठला फाटा घ्यायचा नाही ते. मग वाकून पोथीतून काही काढून त्यांना दिलं. प्रसादाची पुडी असेल. आवाज येत नव्हता. कपाळावर घाम होता. एक माणूस उठला तरी हे बोलतच होते, त्याचा हात धरून, बाबा, ज्यांनी आयुष्यात कोणाला धरून ठेवलं नाही.

मला बघवेना. या वयात, या उन्हात, लोकांना रस्ते सांगत. माझ्यामुळे.

तिथेच ठरवलं. सही करायची.

ती माणसं गेल्यावर जवळ गेलो. बाबा दचकले. "तू कधी आलास?"

"आत्ताच. चला."

पायऱ्या चढताना त्यांना हात दिला. विचारलं, "सही केलीस?"

"घरी गेल्यावर करतो."

ते पायरीवर थांबले. "का?"

"म्हणजे तुम्हाला इथे यायला नको."

"माझ्यासाठी करतोस?"

"हो."

"मी उद्याही येणार," बाबा म्हणाले. "सही कर, नको करू. मी येणार."

"पण का बाबा? काय अडलंय?"

"काम आहे."

"कसलं काम?"

"यजमानांचं." पुढची पायरी चढले. "तुला सही करायची तर तुझ्यासाठी कर. माझ्या गुडघ्यांवर ढकलू नकोस."

स्कूटरवर मागे बसून माझ्या खांद्याला धरलं. सीबीएसच्या सिग्नलला म्हणाले, "तो देवरे काय म्हणाला रे, तू भाव सांगितल्यावर?"

"बरं म्हणाला."

"हं."

घरी आल्यावर करार पुन्हा उघडला. बाबांचं कारण गेल्यावर सही करायला दुसरं कारण शोधत बसलो. भीती सापडली. बाकी काही नाही. पगाराची तारीख चुकली तर काय, याची भीती. कंपनीतल्या कामावर माझं प्रेम आहे, पण त्यासाठी हा करार लागत नाही.

मेल लिहिला. या स्वरूपात सही करू शकत नाही. माझ्या अटी अशा, माझा दर असा. त्या मान्य असल्यास काम करायला मला आनंद वाटेल. शेवटी 'आपणास योग्य वाटेल तो निर्णय घ्यावा' असं लिहिलं होतं. अपूर्वा मागे उभी होती. तिने बोट ठेवलं. ते वाक्य काढलं आणि पाठवला.

अपूर्वा बराच वेळ खांद्यावर हात ठेवून उभी होती. मग बाबांच्या खोलीत गेली. दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. पाडव्याचं असेल, श्रीखंड विकत आणायचं की घरी करायचं. बाबा म्हाताऱ्यांच्या हट्टीपणाने रोज घाटावर जाणार, हे मी आता मान्य केलं आहे. सवय सुटत नाही माणसाची.


३० मार्च

सकाळी गुढी उभारली. बाबा कडुलिंबाची पानं खाऊन बसने गेले. कंपनीकडून काही आलं नाही. नामपूरहून एका ऑइल मिलवाल्यांचा फोन आला. पाडवा आहे, आजच बोलून ठेवू म्हटलं, म्हणाले. दर विचारला. सांगितला. शनिवारी जागा बघायला बोलावलं आहे.